बीजगणिताच्या आधीचे गणित कसे शिकवावे

बीजगणितात अडलेल्या मुलाची वही बारकाईने पाहिली, तर चूक बहुधा बीजगणिताची निघत नाही. समीकरण सोडवायची रीत त्याला पाठ असते. पण मध्येच २/३ ने भागायची वेळ आली की हात थांबतो, −७ मधून ४ वजा करून तो −३ लिहितो आणि बरोबरचे चिन्ह दिसले की ‘आता उत्तर लिहायचे’ एवढेच त्याला कळते. त्यामुळे दहा ते तेरा वर्षांच्या मुलांची बीजगणितासाठी तयारी करून घ्यायची म्हणजे क्ष लवकर आणायचा असे नव्हे. तेच अंकगणित पुन्हा घ्यायचे, पण आकडेमोड सुरू करण्याआधी उदाहरणाकडे पाहायची सवय लावत. बाकी सगळे या सवयीवर उभे राहते.

आधी चाचपणी

सुरुवातीला २० मिनिटांची छोटी चाचणी घ्या. कॅल्क्युलेटर नको, गुण नकोत. पुढचे आठ प्रश्न पुरतात:

१) ८ + ४ = □ + ५
२) ६७ + ८९ = ६६ + □
३) १० − ३ + २
४) २/३ + १/४
५) ३ − (−५)
६) १२ ÷ (१/२)
७) ०.३ × ०.२
८) ३/४ आणि ५/७ यांपैकी मोठा अपूर्णांक कोणता?

उत्तर बरोबर की चूक यापेक्षा चूक कोणती, हे महत्त्वाचे. पहिल्यात १२ लिहिणारा मुलगा चौकटीपुढचा ‘+ ५’ वाचतच नाही. १७ लिहिणारा दिसतील त्या सगळ्या संख्यांची बेरीज करतो. दोघांनाही बरोबरच्या चिन्हाचा अर्थ लागलेला नाही, पण दोघांचे गैरसमज वेगळे आहेत. दुसऱ्यात ९० हे उत्तर बरोबर असले, तरी कडेला १५६ ची बेरीज मांडलेली दिसली तर नोंद करा: एक संख्या १ ने कमी झाली म्हणजे दुसरी १ ने वाढली पाहिजे, हे त्या मुलाने पाहिलेले नाही. तिसऱ्यात ५, चौथ्यात ३/७, सहाव्यात ६ आणि सातव्यात ०.६ या नेहमीच्या चुका आहेत. आठव्याला कारण विचारा. ‘५ आणि ७ मोठे आहेत म्हणून ५/७’ असे उत्तर आले, तर त्या मुलाच्या लेखी अपूर्णांक ही एक संख्या नसून वर-खाली लिहिलेल्या दोन संख्या आहेत.

बरोबरचे चिन्ह

हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ मध्ये छापील पुस्तकात आणले. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या कुठल्याही दोन वस्तू असू शकत नाहीत, असे कारण त्याने दिले होते. मुलांना हे जरूर सांगा, कारण त्यांच्या डोक्यात या चिन्हाची जागा बाणाने घेतलेली असते.

बाण ती जागा घेतो आपल्याच शिकवण्यामुळे. वर्षानुवर्षे उदाहरण डावीकडे आणि उत्तर उजवीकडे, अशीच मांडणी समोर येते. उपाय साधा आहे. रोजच्या सरावात मांडणी बदलत राहा: १५ = ९ + ६, २० − ४ = ८ × २, ७ = ७. शेवटचे पाहून मुले हसतात, ‘यात करायचे काय?’ विचारतात. तेवढ्यावरच पाच मिनिटे बोलता येते. त्यानंतर चूक की बरोबर सांगायची वाक्ये द्या: ३६ + ४७ = ३८ + ४५, ५२ − १९ = ५३ − १८, १४ × ५ = ७ × १०. पहिले बरोबर, तिसरेही बरोबर. दुसरे मात्र चूक, कारण वजाबाकीत दोन्ही संख्या एकाच दिशेने सरकायला हव्यात. ५२ − १९ आणि ५३ − २० सारखे आहेत. बेरजेची युक्ती वजाबाकीत तशीच का चालत नाही, हे मुलांच्याच तोंडून येऊ द्या.

एका लेखी सवयीला मात्र अजिबात सूट देऊ नका. ५ + ३ = ८ × २ = १६ − १ = १५ अशी साखळी मुले सर्रास लिहितात. शेवटचे उत्तर बरोबर आले म्हणून शिक्षकही ती चालवून घेतात. पण हे लिहिणे म्हणजे ५ + ३ आणि १५ सारखे आहेत असे म्हणणे. प्रत्येक पायरी नव्या ओळीत लिहायला लावा. पुढे समीकरण सोडवताना हीच मांडणी लागते.

क्रियांचा क्रम आणि ‘कंचेभागुबेव’

हा शब्द पाठ असलेली मुले १० − ३ + २ चे उत्तर ५ काढतात, कारण शब्दात ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर येतो. भागाकार-गुणाकाराच्या बाबतीत हा शब्द अपघाताने निभावून नेतो: १२ × ६ ÷ ३ मध्ये आधी भागले काय किंवा डावीकडून गेलो काय, २४ च येतात. बेरीज-वजाबाकीत तो सरळ फसवतो. म्हणून फळ्यावर तो चार मजल्यांत लिहा: कंस, मग ‘चे’, म्हणजे गुणाकारच, मग भागाकार आणि गुणाकार एकाच मजल्यावर, मग बेरीज आणि वजाबाकी एकाच मजल्यावर. एका मजल्यावर डावीकडून उजवीकडे जायचे.

याहून चांगला मार्ग म्हणजे राशी आधी पदांत तोडणे. ७ + ३ × ४ − १० ÷ २ दिसले की लगेच सोडवायचे नाही. कंसाबाहेरच्या + आणि − चिन्हांच्या आधी उभ्या रेघा मारायच्या: ७ | + ३ × ४ | − १० ÷ २. पदे तीन, त्यांच्या किमती ७, १२ आणि −५, एकूण १४. चिन्ह आपल्या पुढच्या पदाला चिकटलेले असते, हे एकदा डोळ्यांत बसले की १० − ३ + २ म्हणजे १०, −३ आणि +२ यांची बेरीज. कुठल्याही क्रमाने करा, ९ च येणार. शिवाय ‘पद’ हा शब्द बीजगणितात नव्याने शिकवावा लागत नाही. या रेघा किमान महिनाभर मारायला लावा, मुले कंटाळली तरीही.

वितरण गुणधर्म पाठ करून येत नाही

१८ × ९९ तोंडी करायला सांगा. १८ × १०० मधून १८ काढले की १७८२. कोणी १८ × ९० आणि १८ × ९ मिळवले, तर तेही फळ्यावर घ्या. मग लिहा: १८ × (१०० − १) = १८ × १०० − १८ × १. मुले जे करत होती तेच कंसात मांडले आहे, आणि हाच वितरण गुणधर्म. उलट दिशाही तेवढीच महत्त्वाची: ३७ × ६ + ३७ × ४ पाहिल्याबरोबर ३७ × १० दिसले पाहिजे. पुढे समान अवयव बाहेर काढायचा तो हाच.

यासाठी आयताचे चित्र वापरा. २३ × १४ साठी एका आयताची एक बाजू २० आणि ३, दुसरी १० आणि ४ अशी विभागा. आत चार आयत होतात: २००, ८०, ३० आणि १२, एकूण ३२२. मुले सर्रास फक्त २०० आणि १२ घेतात. चित्रात उरलेले दोन आयत रिकामे दिसतात म्हणून चूक तिथेच सापडते. दोन द्विपदींच्या, म्हणजे दोन-दोन पदांच्या राशींच्या, गुणाकारात मधली पदे गाळण्याची चूक याच रोपट्याची. चित्र आत्ता ओळखीचे झाले, तर तेव्हा फक्त आकड्यांच्या जागी अक्षरे येतील.

पाढे, विभाज्यतेच्या कसोट्या आणि अवयव यांच्यावर इथे वेगळे पान खर्च करण्याची गरज नाही. पण ५६ म्हटल्यावर ७ × ८, १४ × ४, २८ × २ हे पटकन सुचत नसेल, तर अवयव पाडताना मुलाची सगळी ताकद गुणाकार शोधण्यातच जाते. १२ पर्यंतचे पाढे उलटसुलट, म्हणजे ‘७२ म्हणजे कितीवेळा किती?’ अशा प्रश्नांतून, रोज तीन मिनिटे घ्या.

अपूर्णांक: इथे घाई करू नका

बीजगणित कुठे कोसळते हे विचारले, तर बहुतेक अनुभवी शिक्षक अपूर्णांकांकडे बोट दाखवतील. यांना सगळ्यात जास्त वेळ द्या.

पहिली गोष्ट, अपूर्णांक संख्यारेषेवर आणा. गोलाचे तुकडे सुरुवातीला ठीक, पण ७/३ गोलात दाखवताना मुले गोंधळतात. ० ते ३ ची रेषा काढा, प्रत्येक एककाचे तीन समान भाग करा आणि सात पावले चाला. ७/३ ही २ आणि ३ यांच्या मधली एक जागा आहे, एक संख्या आहे. त्याच रेषेवर २/३, ४/६, ६/९ एकाच बिंदूवर येतात. सममूल्य अपूर्णांक समजण्यासाठी यापेक्षा थेट चित्र नाही.

दुसरी गोष्ट, बेरीज. २/३ + १/४ ला ३/७ लिहिणाऱ्याला नियम सांगण्याआधी एक प्रश्न विचारा: ३/७ अर्ध्यापेक्षा कमी आहे की जास्त? कमी. मग २/३, जो एकटाच अर्ध्यापेक्षा जास्त आहे, त्यात भर घालून बेरीज कमी कशी होईल? अंदाजाची ही सवय नियमापेक्षा जास्त काळ टिकते. त्यानंतर समच्छेद: ८/१२ + ३/१२ = ११/१२. छेद म्हणजे तुकड्याचे माप, अंश म्हणजे तुकड्यांची संख्या. मापे वेगळी असतील तर नुसती मोजदाद करून भागत नाही.

तिसरी, भागाकार. ‘उलटे करून गुणा’ हे शेवटी सांगायचे. आधी विचारा, १२ मध्ये अर्धे किती वेळा बसतात? २४ वेळा. ३ मध्ये ३/४ किती वेळा? रेषेवर पाहिले की ४. मग समच्छेदाने: ५/६ ÷ १/३ म्हणजे ५/६ ÷ २/६, म्हणजे ५ ÷ २. अशी दहा-बारा उदाहरणे झाली की उलटून गुणण्याचा नियम मुले स्वतःच काढतात.

तिरकस गुणाकार, म्हणजे एकाचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणायची रीत, या टप्प्यावर शिकवूच नका. एकदा हाती लागला की मुले तो बेरजेत, गुणाकारात, सगळीकडे लावतात. तो फक्त दोन अपूर्णांक बरोबर आहेत असे दिलेले असतानाच लागू पडतो, आणि तिथेही दोन्ही बाजूंना छेदांनी गुणून तेच मिळते.

काटाकाटीवर एक तासिका वेगळी ठेवा. (६ + ४)/६ मध्ये वरचा ६ आणि खालचा ६ कापून ४ लिहिणारी मुले पुढे (क्ष + ४)/क्ष मध्येही क्ष कापतात. आकड्यांत चूक लगेच पकडता येते: १०/६ म्हणजे दोनाहून कमी, ४ कसे होतील? (६ × ४)/६ शेजारी लिहा आणि फरक मुलांना सांगू द्या. कापायचा तो अवयव, पद नव्हे.

एक बारीक सूचना: या काळात पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचा वापर कमी करा, ७/३ तसाच राहू द्या. २ १/३ मध्ये शेजारी लिहिणे म्हणजे बेरीज आणि २क्ष मध्ये शेजारी लिहिणे म्हणजे गुणाकार. हा घोळ वाटतो त्याहून जास्त मुलांना नडतो.

ऋण संख्या

धन आणि ऋण हे शब्द संपत्ती आणि कर्ज या अर्थाने आलेले आहेत. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्य, धन आणि ऋण यांच्यावरील क्रियांचे नियम याच भाषेत लिहून ठेवले. कर्जाचे उदाहरण बेरजेला चांगले चालते. वजाबाकीला दोन रंगांच्या सोंगट्या बऱ्या.

पांढरी सोंगटी +१, काळी −१. एक पांढरी आणि एक काळी मिळून शून्य-जोडी. ३ − (−५) करायचे तर तीन पांढऱ्या मांडा. पाच काळ्या उचलायच्या आहेत, पण एकही नाही. मग पाच शून्य-जोड्या आणून ठेवा. किंमत तीच राहते. आता पाच काळ्या उचला. आठ पांढऱ्या उरतात. हे प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने किमान सहा-सात वेळा केले पाहिजे, फळ्यावर पाहून चालत नाही.

गुणाकारासाठी सोंगट्या ओढूनताणून वापरू नका. क्रम दाखवा: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. पहिली संख्या दरवेळी १ ने कमी होते, उत्तर २ ने वाढते. पुढची ओळ (−१) × (−२) = २ च असायला हवी, नाहीतर साखळी तुटते.

‘मायनस मायनस प्लस’ हे घोषवाक्य वर्गात येऊ देऊ नका, आणि घरून आलेच असेल तर त्याची हद्द दाखवा. ते ऐकून मुले −३ − ५ चे उत्तर +८ लिहितात. तिथे दोन ऋण पदे मिळवायची आहेत, गुणायची नाहीत. वर सांगितलेल्या उभ्या रेघा पुन्हा मारल्या की −३ आणि −५ अशी दोन पदे दिसतात. −३² आणि (−३)² यांतला फरकही इथेच दाखवावा: पहिल्याची किंमत −९, दुसऱ्याची ९.

अक्षर कशासाठी

‘३अ म्हणजे तीन आंबे’ ही शिकवण्याची पद्धत सोपी वाटते आणि पुढे महागात पडते. अक्षर वस्तूसाठी नसते, संख्येसाठी असते. आपल्याकडच्या जुन्या गणितींनी अज्ञाताला ‘यावत्तावत्’, म्हणजे जितके असेल तितके, असे नाव दिले होते. अक्षरामागचा अर्थ याहून नेमका सांगणे कठीण.

आंब्यांची पद्धत कुठे बुडवते ते एका उदाहरणात दिसते. ‘प्रत्येक शिक्षकामागे ३० विद्यार्थी आहेत’ हे अक्षरांत लिहायला सांगा. बरीच मुले ३०व = श लिहितात, कारण वाक्य ‘तीस विद्यार्थी, एक शिक्षक’ असे ऐकू येते. आता श = २ घालून पाहा. विद्यार्थी ६० हवेत; ३०व = २ मधून ते येत नाहीत. बरोबर आहे व = ३०श. म्हणून अक्षर ठरवताना पूर्ण वाक्य लिहायची सक्ती करा: ‘व = विद्यार्थ्यांची संख्या’. नुसते ‘व = विद्यार्थी’ चालणार नाही. आद्याक्षरे टाळली तर आणखी चांगले. मुले आणि मुली दोघेही म पासून सुरू होतात, हा फायदाच समजा.

अक्षराची ओळख आकृतिबंधांतून करून द्या. काड्यांनी एका ओळीत चौकोन जोडत जा: एका चौकोनाला ४ काड्या, दोनाला ७, तिनाला १०. दहा चौकोनांना किती? शंभरांना? पाचव्याला १६ म्हणून दहाव्याला ३२, असे काही मुले सांगतील. करून पाहिले की ३१ निघतात, कारण जोडणीची एक काडी दोनदा मोजली गेली. मग विचारा, तू कसे मोजलेस? एक जण म्हणेल पहिली उभी काडी आणि प्रत्येक चौकोनाला तीन: १ + ३न. दुसरा म्हणेल पहिल्याला चार, बाकीच्यांना तीन-तीन: ४ + ३(न − १). तिसरा आडव्या आणि उभ्या वेगळ्या मोजेल: २न + (न + १). तीन राशी, एकच ढीग. त्या सारख्या का, हे तपासताना सरळरूप देण्याची गरज मुलांना आपोआप वाटते.

सुरुवातीच्या काही दिवसांत तीन चुका हमखास दिसतील. क्ष = ५ असताना २क्ष म्हणजे २५; ४क्ष − क्ष = ४; आणि ३ + २क्ष = ५क्ष. पहिलीला २क्ष म्हणजे २ × क्ष असे लिहायला लावा. उरलेल्या दोघींवर एकच औषध: अक्षराच्या जागी संख्या घालून दोन्ही बाजू तपासणे. क्ष = १० घ्या: ३ + २० म्हणजे २३, ५० नव्हे. तपासायला ०, १ किंवा २ घेऊ नका. क्ष = १ घेतला तर ३ + २क्ष आणि ५क्ष दोन्ही ५ येतात आणि चूक सुटून जाते.

वाक्य अक्षरांत उतरवताना मराठीतला शब्दक्रम दगा देतो. ‘एका संख्येतून ५ वजा’ म्हणजे क्ष − ५, ‘५ मधून ती संख्या वजा’ म्हणजे ५ − क्ष, आणि ‘एका संख्येपेक्षा ५ ने कमी’ पुन्हा क्ष − ५. ‘संख्येच्या दुपटीत ७ मिळवा’ आणि ‘संख्येत ७ मिळवून दुप्पट करा’ हे जोडीने द्या: २क्ष + ७ आणि २(क्ष + ७). अशी वाक्ये जोड्यांतच द्यावीत. सुटी दिली तर मुले शब्द पाहून चिन्ह लावतात, ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘कमी’ दिसले की वजाबाकी.

पहिली समीकरणे

सुरुवात झाकण्याने करा. ३क्ष + ४ = १९ मध्ये ३क्ष वर बोट ठेवा: कशात ४ मिळवले की १९? पंधरा. मग ३ × किती = १५? पाच. नियम शून्य, विचार पूर्ण. असे एक-दोन दिवस चालू द्या. नंतर ५क्ष + ३ = २क्ष + १८ द्या. इथे झाकून भागत नाही, आणि ते मुलांना जाणवले पाहिजे. आता तराजू आणा: दोन्ही पारड्यांतून २क्ष काढा, ३क्ष + ३ = १८; दोन्हीकडून ३ काढा, ३क्ष = १५; क्ष = ५. पडताळा: डावी बाजू २८, उजवी बाजू २८. तराजूची मर्यादा लक्षात असू द्या: क्ष − ८ = −३ पारड्यात दाखवता येत नाही. तिथपर्यंत पोचेतो तराजू सोडून ‘दोन्ही बाजूंवर एकच क्रिया’ एवढ्यावर यावे.

‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे पक्षांतर तेव्हाच सांगा, जेव्हा मुलांनी दोन्ही बाजूंची क्रिया लिहून निदान वीस-पंचवीस समीकरणे सोडवली असतील. आधी सांगितले तर २क्ष = ६ चे क्ष = ६ − २ होते, किंवा क्ष = −३. दोन्ही ठिकाणी मुलाने नियम प्रामाणिकपणे पाळलेला असतो. २ हा पद नसून गुणक आहे, हे मात्र त्याला दिसलेले नसते.

शाब्दिक उदाहरणांसाठी समीकरणाआधी पट्ट्या काढून घ्या. दोन संख्यांची बेरीज ५०, एक दुसरीपेक्षा ८ ने मोठी. दोन सारख्या पट्ट्या, एकीला ८ चा जास्तीचा तुकडा. तो बाजूला केला की ४२ मध्ये दोन सारख्या पट्ट्या: २१ आणि २९. मग शेजारी क्ष + क्ष + ८ = ५० लिहा आणि चित्रातली प्रत्येक हालचाल समीकरणातल्या कोणत्या ओळीत आहे, ते मुलांना बोटाने दाखवायला सांगा.

वेळेचे गणित असे: ४० मिनिटांची तासिका असेल तर पहिली १० मिनिटे तोंडी आणि चूक-बरोबर वाक्यांसाठी, २० मिनिटे नव्या कामासाठी, उरलेली १० मिनिटे कालच्या वहीतल्या एकाच चुकीसाठी. नाव न घेता ती चूक फळ्यावर लिहा आणि विचारा: असे लिहिणाऱ्याने काय विचार केला असेल? दोन महिन्यांनी सुरुवातीची आठ प्रश्नांची चाचणी आकडे बदलून पुन्हा घ्या. दुसऱ्या प्रश्नाच्या कडेला बेरीज मांडलेली अजून दिसत असेल, तर त्या मुलांसाठी क्ष आणखी आठवडाभर थांबू शकतो.